पैदाशीच्या हंगामात बोकडाचा खुराक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शेळीपालक आम्हाला बोकडाच्या खाण्याबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला साधे प्रश्न आहेत, पुढे अडचणीचे. आकडे महाराष्ट्रातल्या उस्मानाबादी, संगमनेरी, बेरारी, कोकण कन्याळ अशा शेळ्या आणि आपल्याकडे मिळणारा चारा धरून दिले आहेत. एक गोष्ट आधीच सांगतो: शेळी आजारी पडली तर एका वेताचे नुकसान होते, पण बोकड खंगला तर त्या हंगामातली सगळी करडे धोक्यात येतात. तरीही बहुतेक गोठ्यांत खुराकाच्या (चाऱ्याशिवाय दिलेल्या भरडा-पेंडीच्या मिश्रणाच्या) वाटपात बोकडाचा नंबर शेवटी लागतो.

१. पैदाशीच्या काळात बोकडाला खरंच वेगळा खुराक लागतो का? तो काही दूध देत नाही की गाभण राहत नाही.

लागतो, आणि तो फक्त शेळ्या भरवण्यासाठी, म्हणजे गाभण करण्यासाठी, लागत नाही. एकदा रेतन करण्यात फारशी ऊर्जा जात नाही. ती जाते दिवसभराच्या धावपळीत. माजावरच्या शेळीमागे फिरणे, कुंपणाला धडका देणे, दुसऱ्या बोकडाशी टक्कर, रात्रभर ओरडणे, बसून रवंथ करण्याचा वेळच कमी होणे. त्याच दिवसांत त्याची भूकही मंदावते. खर्च वाढतो आणि खाणे घटते, म्हणून त्याची चरबी आणि मग मांस झिजायला लागते. हंगामाच्या शेवटी पाठीची हाडे वर आलेला बोकड दिसतो तो यामुळे.

२. आमच्या शेळ्या वर्षभर माजावर येतात. मग हंगाम कोणता धरायचा?

थंड देशांतल्या शेळ्यांसारखा आपल्या शेळ्यांचा हंगाम काटेकोर नसतो, हे खरे. तरी पहिल्या पावसानंतर हिरवा पाला आला की जून-जुलैत, आणि पुन्हा ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास बऱ्याच शेळ्या एकदम माजावर येतात. शेळीचा गाभणकाळ सुमारे पाच महिन्यांचा, म्हणजे १४५ ते १५० दिवसांचा. त्यामुळे जूनमध्ये भरवलेली शेळी नोव्हेंबरात विते आणि ऑक्टोबरातली मार्चमध्ये.

तुमच्या गोठ्यातला हंगाम तुमच्याच वहीवरून काढा. मागच्या वर्षी करडे कोणत्या महिन्यांत झाली ते पाहा आणि पाच महिने मागे जा. जिथे सर्वांत जास्त आकडे येतात, तो तुमच्या बोकडाच्या कष्टाचा काळ. वही नसेल तर आजपासून लिहायला सुरुवात करा. वर्षभर सारखाच थोडा थोडा भार असलेल्या लहान गटाचे गणित वेगळे आहे, ते प्रश्न ९ मध्ये आहे.

३. नेमकी किती ऊर्जा लागते ते आकड्यांत सांगा.

शरीराला प्रत्यक्ष वापरता येणारी ऊर्जा किलोकॅलरीत मोजतात. गोठ्यात उभ्या असलेल्या, वजन न वाढवणाऱ्या शेळीची मूळ गरज वजनाच्या ०.७५ घातावर काढतात आणि दर एककाला सुमारे १०१ किलोकॅलरी धरतात. या हिशोबाचा अर्थ असा की वजन दुप्पट झाले म्हणून गरज दुप्पट होत नाही, ती सुमारे १.७ पट होते. ५० किलोच्या जनावराची मूळ गरज रोज सुमारे १,९०० किलोकॅलरी येते.

खच्ची न केलेल्या नराला ही गरज मादी किंवा खच्ची बोकडापेक्षा साधारण १५ टक्के जास्त धरतात, म्हणजे ५० किलोला सुमारे २,२००. त्यावर पैदाशीच्या धावपळीसाठी आणखी १० ते १५ टक्के धरले की बंदिस्त बोकडासाठी आकडा येतो रोज २,४०० ते २,५०० किलोकॅलरी. याच पद्धतीने ४० किलोच्या बोकडाला हंगामात सुमारे २,०५० ते २,१५० आणि ६० किलोच्याला २,७५० ते २,९०० लागतात.

हे आकडे गोठ्यातल्या बोकडाचे आहेत. चरायला जाणाऱ्यासाठी प्रश्न १६ पाहा. आणि कोणताही आकडा हा आरंभ समजा. खरा हिशोब बोकडाच्या पाठीवर हात ठेवून होतो (प्रश्न ७).

४. कॅलरी समजल्या, पण गव्हाणीत काय टाकू?

५० किलोच्या बंदिस्त बोकडासाठी रोज: हिरवा चारा २ ते अडीच किलो (लसूणघास, मका, दशरथ घास, शेवरी, सुबाभूळ यांचे मिश्रण), वाळलेला चारा ४०० ते ५०० ग्रॅम (कडब्याची कुट्टी, तुरीचे किंवा हरभऱ्याचे भुसकट) आणि खुराक ३०० ग्रॅम. हिरव्यातून साधारण १,०५०, वाळलेल्यातून ७००, खुराकातून ७५० किलोकॅलरी मिळतात. बेरीज २,५०० च्या आसपास जाते.

खुराक घरी तयार करायचा असेल तर १०० किलोसाठी हे प्रमाण चालते: मक्याचा भरडा ४५ किलो, शेंगदाणा पेंड २०, गव्हाचा कोंडा १६, तूर किंवा हरभऱ्याची चुणी १५, खनिज मिश्रण २, मीठ १ आणि चुनखडीची भुकटी १ किलो. यात प्रथिने सुमारे १७ टक्के येतात. मका महाग असेल तर निम्मा मका काढून ज्वारी किंवा बाजरीचा भरडा घाला, फार फरक पडत नाही. चुनखडीची भुकटी म्हणजे पानाला लावायचा चुना नव्हे. पशुखाद्याच्या दुकानात कॅल्शियम कार्बोनेट म्हणून मागा. ती का घालायची हे प्रश्न १३ मध्ये आहे.

सुबाभूळ एकूण हिरव्या चाऱ्याच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त नको. पेंड आणि मका नाकाशी धरून पाहा. कुबट वास, काळी-हिरवी बुरशी, गुठळ्या दिसल्या तर ते पोते बोकडालाच काय, कोणत्याच जनावराला घालू नका. बुरशीचे विष यकृतावर जाते आणि पावसाळ्यातल्या शेंगदाणा पेंडीत हा धोका सर्वांत जास्त असतो.

५. खुराक कधी सुरू करायचा? शेळ्या माजावर यायला लागल्या की लगेच?

तोपर्यंत उशीर झालेला असतो. या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हाच आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

बोकडाच्या वृषणात शुक्राणू तयार व्हायला सुमारे ४८ दिवस लागतात. तिथून पुढच्या नळीत त्यांना परिपक्व होऊन बाहेर येण्याजोगे व्हायला आणखी १० ते १४ दिवस. म्हणजे आज ज्या रेतनातून शेळी गाभण राहते, त्या शुक्राणूंची सुरुवात दोन महिन्यांपूर्वी झालेली असते. जूनच्या रेतनासाठी बोकडाने एप्रिलमध्ये काय खाल्ले हे महत्त्वाचे. आणि आपल्याकडे एप्रिल-मे म्हणजे चाऱ्याची सर्वांत ओढ. शेतकरी जूनमध्ये खुराक वाढवतो, बोकड तरतरीत दिसतो, भरवतोही, पण शेळ्या उलटतात, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर येतात. मग दोष शेळीवर जातो.

दुसरे कारण साठ्याचे. हंगामात तो पोटभर खाणार नाही हे आपल्याला माहीतच आहे. तेव्हा जे अंगातून खर्च होणार ते आधी अंगावर चढवावे लागते. दोन महिन्यांत तीन किलो वजन वाढवायचे तर रोज ५० ग्रॅम, आणि एक ग्रॅम वजन वाढायला साधारण सव्वासात किलोकॅलरी जादा लागतात. म्हणजे रोजच्या मूळ गरजेवर सुमारे ३६० किलोकॅलरी. खुराकात सांगायचे तर दीडशे ग्रॅमच्या आतबाहेर. गंमत अशी की तयारीच्या दोन महिन्यांची एकूण गरज आणि हंगामातली गरज जवळजवळ सारखीच निघते. म्हणून प्रश्न ४ मधलाच आहार दोन महिने आधी सुरू करायचा.

पावसाळी हंगाम असेल तर एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात, आणि ऑक्टोबरचा असेल तर ऑगस्टच्या सुरुवातीला कामाला लागा. त्याच वेळी लेंड्या तपासून जंतनाशक द्या, खुरे कापा, आंत्रविषाराची (आतड्यात विष तयार होऊन जनावर दगावते त्या रोगाची) लस राहिली असेल तर टोचून घ्या. जंत असलेल्या पोटात घातलेला खुराक जंतांनाच जातो.

६. हंगामात बोकड गव्हाणीकडे पाहतसुद्धा नाही. काय करू?

नराचे संप्रेरक वाढले की भूक मागे पडते. दाढी आणि पुढच्या पायांवर मुतणे, वरचा ओठ वळवून हुंगणे, उग्र वास ही सगळी त्याचीच लक्षणे, आजाराची नव्हेत. मात्र खाणे पूर्ण बंद, रवंथ बंद, मान खाली टाकलेली असेल तर ते माजाचे लक्षण नाही. ताप पाहा आणि डॉक्टरांना बोलवा.

खाणे कमी असेल तर पहिला उपाय जागेचा. बोकडाला शेळ्यांच्या कळपात चोवीस तास सोडू नका. शेळ्या दिसणार नाहीत आणि वाऱ्याने त्यांचा वास येणार नाही अशा बाजूला त्याचा कप्पा करा. माजावरची शेळी त्याच्याकडे न्यायची, भरवून झाली की परत आणायची. सकाळी माज दिसला तर त्या संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, असे दोनदा पुरते. एवढ्या एका बदलाने बोकडाचा रवंथ पूर्ववत झालेला अनेक गोठ्यांत दिसतो.

दुसरा उपाय वेळेचा. पहाटे आणि रात्री, गोठा शांत असताना खाऊ घाला. खुराक दोन-तीन वेळा विभागून द्या. शेवगा, बाभूळ, बोर, हादगा अशा झाडांच्या फांद्या उंचावर टांगा. हौसेने मान वर करून खाणे हा शेळीचा स्वभाव आहे, आणि कुट्टीला तोंड न लावणारा बोकड पाला ओरबाडतो.

तिसरा उपाय प्रमाणाचा. चारा चौथ्या हिश्शाने घटला तर ५० किलोच्या बोकडाला रोज सुमारे ४५० किलोकॅलरींची तूट पडते. ती भरायला खुराक ३०० वरून ४५०-५०० ग्रॅमपर्यंत न्यावा लागतो. यापुढे मात्र जाऊ नका. रोजचा खुराक वजनाच्या एक टक्क्यावर गेला की फायद्यापेक्षा धोका वाढतो (प्रश्न १२ आणि १३).

७. बोकड बारीक आहे की जाड, हे कसं ओळखायचं? नुसतं पाहून कळतं का?

केस दाट असले की नजर फसते, म्हणून हाताने पाहा. शेवटच्या बरगडीमागे कमरेच्या मणक्यावर अंगठा आणि बोटे ठेवा. मणक्याची टोके टोचत असतील आणि कडेच्या हाडांखाली बोटे सहज शिरत असतील, तर तो बारीक. हाडे जाणवतात पण गोल वाटतात, थोडे दाबावे लागते, तर तो मध्यम. दाबूनही हाड लागत नसेल तर जाड. नंतर छातीखालच्या हाडावरची गादी चिमटीत धरून पाहा. १ ते ५ अशा गुणांत हंगामाच्या सुरुवातीला बोकड ३ ते साडेतीन असावा.

शक्य असेल तर वजन करा. हंगामाच्या आरंभीच्या वजनात दहा टक्के घट आली की त्याला विश्रांती द्यायची वेळ झाली, मग उरलेल्या शेळ्यांसाठी शेजारचा बोकड का मागावा लागेना.

८. ईदसाठी तयार केलेला बोकड विकला गेला नाही. चांगला भरलेला आहे, पैदाशीला वापरू का?

लगेच नको. बकरी ईदसाठी बोकड पोसताना उद्देश वजनाचा असतो. महिनोन् महिने जास्त धान्य, कमी हालचाल आणि अंगावर चरबी. असा बोकड सुस्त असतो, चढताना दमतो आणि उन्हात लवकर धापा टाकतो. वृषणाच्या पिशवीच्या मानेशी साठलेली चरबी वृषण थंड राहू देत नाही, आणि शुक्राणूंना शरीरापेक्षा कमी तापमान लागते. शिवाय महिनोन् महिने धान्यावर वाढवलेल्या बोकडात मूतखड्याचा धोका आधीच असतो.

धान्य दोन-तीन आठवड्यांत हळूहळू कमी करा, चाऱ्यावर आणा, रोज चालवा आणि दोन महिन्यांनी प्रश्न ७ प्रमाणे पुन्हा तपासा. त्याआधी एक बाब नक्की करा: तो खच्ची केलेला नाही ना. आणि तो पैदाशीला ठेवण्याच्या लायकीचा आहे का? आई जुळी देणारी होती का, दूध किती होते हे माहीत नसेल, तर नुसत्या अंगावर जाऊ नका.

९. आमच्याकडे सरकारी योजनेतला १० शेळ्या आणि १ बोकड असा गट आहे. या एका बोकडाला वर्षभर ३०० ग्रॅम खुराक परवडत नाही.

गरजही नाही. दहा शेळ्या वर्षभरात विभागून माजावर आल्या, तर महिन्याला एक-दोन शेळ्या होतात. हा भार नगण्य आहे. अशा बोकडाला चांगला मिश्र चारा, खनिज मिश्रणाची चाटण वीट, स्वच्छ पाणी आणि रोज मूठ-दोन मुठी भरडा पुरतो. खर्च वाचवून तो गाभण शेळ्यांच्या शेवटच्या महिन्याकडे वळवा.

अपवाद दोन. एक, बोकड बराच काळ लांब होता आणि आता एकदम शेळ्यांजवळ आणला, तर त्याच्या वासाने आणि वावराने पुष्कळ शेळ्या आठ-दहा दिवसांत एकत्रच माजावर येऊ शकतात. दोन, गावातल्या इतरांच्या शेळ्याही तुमच्याच बोकडाकडे येतात. ग्रामीण भागात हे सर्रास होते आणि मोजलेच जात नाही. बाहेरच्या शेळ्या धरून हिशोब करा, आणि भरवण्याचे पैसे घेत असाल तर त्यातून आधी बोकडाचा खुराक येऊ द्या.

१०. एका बोकडाला किती शेळ्या?

पूर्ण वाढलेल्या, अंगाने चांगल्या बोकडाला हंगामात २५ ते ३०. शेळ्या इंजेक्शन देऊन एकाच वेळी माजावर आणल्या असतील तर यापेक्षा पुष्कळ कमी. दिवसात दोन-तीनपेक्षा जास्त रेतने नकोत आणि आठवड्यातून एखादा दिवस पूर्ण सुटी.

११. आमचा बोकड दहा महिन्यांचा आहे. शेळ्यांवर चढतो. वापरू का, आणि खुराक किती?

चढतो म्हणजे तयार आहे असे नाही. आपल्या जातींचे बोकड चार-पाच महिन्यांतच चढू लागतात, म्हणून तर करडे त्या वयात वेगळी करायची. वर्ष-सव्वा वर्षाचा झाल्यावर आणि पूर्ण वजनाच्या निदान दोन तृतीयांशावर पोहोचल्यावर पहिल्या हंगामात दहा-पंधरा शेळ्या द्या.

त्याला स्वतःच्या वाढीसाठीही ऊर्जा हवी आणि पैदाशीसाठीही. ३० किलोच्या तरुण बोकडाला वजनाच्या मानाने मोठ्यापेक्षा जास्त खुराक लागतो, २५० ते ३०० ग्रॅम, आणि त्यात प्रथिने थोडी जास्त हवीत. पेंडीचे प्रमाण २० वरून २५ टक्के करा आणि तेवढा मका कमी करा. पहिल्या हंगामात झिजलेल्या बोकडाची उंची-लांबी पुढे भरून येत नाही, आणि हा तोटा विकताना कळतो.

१२. मका जास्त दिली तर ऊर्जा लवकर मिळेल ना? दिवसाला किलोभर दिली तर?

नाही. एकदम दिलेले धान्य पोटात आंबते, आम्ल वाढते, चारा पचवणारे सूक्ष्मजीव मरतात. बोकड चारा सोडतो, पोट फुगते, आंबट वासाची पातळ हगवण लागते, पाय लटपटतात. यातून जनावर दोन दिवसांत दगावू शकते. आंत्रविषारही अशाच वेळी उफाळतो.

खुराक दर तीन-चार दिवसांनी ५० ग्रॅमने वाढवा. आधी चारा, मग खुराक. भरडा जाडसर ठेवा, पिठासारखा नको. बोकडाने चुकून पोते फोडून धान्य खाल्ले असेल, तर पाणी आणि धान्य बाजूला करून वाळलेला चारा पुढे ठेवा आणि लगेच डॉक्टरांना फोन करा. खायच्या सोड्याचे प्रमाण त्यांनाच विचारा.

१३. चांगला खाणारा बोकड अचानक पाय ताणून उभा राहतो, कण्हतो, लघवी थेंब थेंब होते. हे कशाने?

मूतखडा, आणि ही तातडीची वेळ आहे. नराची मूत्रनळी लांब, वळणाची आणि टोकाशी अगदी अरुंद असते. धान्य, कोंडा आणि पेंड यांत फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम कमी असते. हे प्रमाण बिघडले की लघवीत खर जमते, खडे होतात आणि नळी बंद पडते. मूत्राशय फुटले तर बोकड सहसा वाचत नाही. बऱ्याचदा लोक याला बद्धकोष्ठ समजून तेल पाजतात आणि मोलाचे तास जातात. पाणी ओतून पाजू नका, लघवी वाढवणारे औषध स्वतःहून देऊ नका. वाट बंद असताना दाब वाढवणे म्हणजे फुटायला मदत करणे.

टाळायचे कसे: आहारात कॅल्शियम फॉस्फरसच्या दुप्पट असावे. प्रश्न ४ मधल्या मिश्रणात चुनखडीची भुकटी त्यासाठीच आहे. ज्यांच्याकडे लसूणघास मुबलक आहे त्यांना तिच्यातून कॅल्शियम भरपूर मिळते, त्यांनी चुनखडी घालू नये. नुसता गव्हाचा कोंडा पोत्याने घालण्याची सवय मोडा. मीठ हवेच, कारण त्याने बोकड पाणी पितो. पाणी दिवसभर समोर आणि स्वच्छ हवे, थंडीत कोमट दिले तर जास्त प्यायले जाते. वारंवार त्रास होणाऱ्या गोठ्यांत पशुवैद्यक खुराकात अमोनियम क्लोराइड घालायला सांगतात. बाजारातला नवसागर म्हणजे तेच, पण तो शुद्ध असेलच असे नाही, म्हणून स्वतःच्या मनाने वापरू नका.

लहान वयात खच्ची केलेल्या बोकडांत नळी आणखी अरुंद राहते, त्यांना हा धोका जास्त.

१४. विदर्भात सरकी पेंड स्वस्त आहे. बोकडाला चालेल का?

सरकीत गॉसिपॉल नावाचे द्रव्य असते. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात ते बऱ्याच अंशी निष्प्रभ होते, म्हणून दुभत्या म्हशीला आपण ती बिनधास्त देतो. पण जास्त प्रमाणात आणि दीर्घकाळ दिल्यास नराच्या शुक्राणूंवर परिणाम होतो. पैदाशीच्या बोकडाला अख्खी सरकी देऊच नका, आणि पेंड तयारीच्या दोन महिन्यांत आणि हंगामात टाळा. शेंगदाणा पेंड नसेल तर सोयाबीन पेंड वापरा. मांसासाठी वाढवून विकायच्या बोकडांना सरकी पेंड द्यायला हरकत नाही.

१५. अंडी, दूध, गूळ, भिजवलेले हरभरे देतात. ताकद येते का?

हरभरे चांगले. रात्री भिजवलेले शंभर ग्रॅम हरभरे खुराकातला तेवढाच भाग कमी करून द्या. गुळाचा उपयोग भूक चाळवायला होतो, भरड्यावर थोडे गुळाचे पाणी शिंपडले तर रुसलेला बोकड खातो. तीस-चाळीस ग्रॅमपुरता ठीक. अंडी आणि दूध यांवरचा खर्च मला पटत नाही. त्यातली प्रथिने बहुतांशी पोटातले सूक्ष्मजीव फोडून टाकतात, आणि तेवढ्याच पैशांत चांगल्या पेंडीचे अधिक दिवस निघतात.

१६. आमचा बोकड रोज कळपाबरोबर चरायला जातो. त्याला किती?

चालण्याची किंमत जोडावी लागते. जवळपास, सपाट रानात चरणाऱ्याला मूळ गरजेच्या सुमारे २५ टक्के, कोरड्या माळावर किंवा चढउतारावर ५० टक्के, आणि विरळ चाऱ्याच्या डोंगराळ भागात लांब भटकणाऱ्याला ७५ टक्क्यांपर्यंत जादा धरतात. म्हणजे ५० किलोच्या बोकडाला माळावर चालण्यापायीच साडेनऊशे किलोकॅलरी. उन्हाळ्यात उघड्या माळावर तेवढा चारा मिळत नाही, आणि भटकून बोकड उपाशीच परततो.

त्यासाठी हंगामात आणि आधीच्या दोन महिन्यांत त्याला निम्मा दिवस घरी ठेवा. कळपाबरोबर जाणारा बोकड रानात कोणती शेळी कधी भरवतो हेही कळत नाही. पावसाळ्यात रान हिरवे असते तेव्हा चराईतून बरेच मिळते, संध्याकाळी २०० ग्रॅम खुराक पुरे होतो. कोवळ्या पावसाळी गवतात पाणीच जास्त असते, म्हणून सोबत वाळलेला चारा हवाच.

१७. मे महिन्यात ४४-४५ अंश तापमान असतं. तयारीचा काळ नेमका तेव्हाच येतो.

म्हणूनच मराठवाडा-विदर्भात जूनचा हंगाम कठीण जातो. उष्णतेने भूक मरते आणि शुक्राणूंचे नुकसानही होते, जे सहा-आठ आठवडे दिसत राहते. खुराक पहाटे पाचच्या आधी आणि रात्री नऊनंतर द्या. झाडाची सावली पत्र्याच्या सावलीपेक्षा भली. पत्रा असेल तर त्यावर पाचट किंवा तुऱ्हाट्या टाका. उन्हाळ्यात हिरवा चारा संपला की अ जीवनसत्त्वही कमी पडते, त्याचा शुक्राणूंवर परिणाम होतो. बांधावर शेवरी, शेवगा, हादगा लावलेला असेल तर रोज किलोभर पाला बोकडापुरता तरी राखून ठेवा.

१८. हंगाम संपल्यावर खुराक बंद करायचा का?

एकदम नाही. झिजलेला बोकड सहा-आठ आठवड्यांत मूळ वजनावर यावा. तोपर्यंत ३०० ग्रॅम चालू ठेवा, मग हळूहळू १०० वर आणा. तो लवकर भरला तर आधीच कमी करा.

१९. बोअर किंवा संकरित बोकडाला हेच प्रमाण चालेल?

वजनाप्रमाणे वाढवा, पण सरळ गुणाकार करू नका (प्रश्न ३). ९० किलोच्या बोअर बोकडाची हंगामातली गरज सुमारे ३,७०० ते ३,९०० किलोकॅलरी येते. ही जात लवकर जाड होते, तेव्हा गुण साडेतीनच्या वर जाऊ देऊ नका. एवढा जड नर लहान चणीच्या उस्मानाबादी पाटीवर (अजून न व्यालेल्या तरुण शेळीवर) सोडणे मला योग्य वाटत नाही. तिला वजन पेलत नाही, आणि विताना करडू अडण्याची भीती राहते.

२०. सगळं नीट केलं, तरी शेळ्या उलटतात.

मग खाण्याबाहेर पाहा. माज ओळखण्यात चूक होते का, कारण तो २४ ते ३६ तासच टिकतो. शेळ्या स्वतः बारीक आहेत का. दोन्ही वृषण सारखे, टणक आणि दुखरे नसलेले आहेत का. बोकडाला खूर किंवा सांध्याचे दुखणे आहे का, मागच्या पायावर उभे राहायला दुखत असेल तर तो चढतो पण काम पूर्ण करत नाही. गर्भपात होत असतील तर ब्रुसेला या गर्भपात घडवणाऱ्या जंतूची रक्ततपासणी करून घ्या. हा रोग माणसालाही होतो, त्यामुळे पडलेला गर्भ आणि वार उघड्या हाताने उचलू नका.

२१. हंगामाच्या तोंडावर बोकडाला मोठा ताप येऊन गेला. आता ठणठणीत खातो. सोडू का?

खाणे सुधारले ही चांगली गोष्ट, पण तापात होरपळलेले शुक्राणू खुराकाने दुरुस्त होत नाहीत. नवीन तयार व्हायला प्रश्न ५ मधला तोच दोन महिन्यांचा काळ लागतो. या हंगामापुरता दुसरा बोकड आणा, पण लगेच कळपात मिसळू नका. आधी काही दिवस वेगळा ठेवून तो निरोगी असल्याची खात्री करा. तुमच्या बोकडाला त्या वेळात प्रश्न ४ चा आहार द्या. दोन महिन्यांनी त्याला आधी दोन-तीन शेळ्याच द्या आणि २१ दिवस वाट पाहा. त्या उलटल्या नाहीत तर पुढच्या शेळ्या द्या.